विवरणपत्राची चालढकल कशी थांबली

पगारदारांसाठी प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलैला संपते आणि त्यानंतर ५,००० रुपयांपर्यंत विलंबशुल्क पडते, हे ठाऊक असूनही हे काम माझ्याकडून शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबत असे. विवरणपत्र भरणे हे एक काम नसून अनेक कामांचे गाठोडे आहे, आणि ते कोठून सोडायचे हे न ठरल्यामुळेच मन मागे सरते, असे माझे ठाम मत झाले. म्हणून गेल्या वर्षी मी यादीत एवढेच लिहिले: ‘रविवारी सकाळी चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून फॉर्म २६एएस (माझ्या नावे जमा झालेल्या कराचा सरकारी तक्ता) डाउनलोड करणे.’ वेळ, जागा आणि कृती आधीच एकत्र बांधून ठेवण्याचा हा उपाय मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी १९९०च्या दशकात मांडला. त्या दिवशी आणखी काही करण्याचे बंधन मी मुद्दाम ठेवले नाही. तरीही आकडे समोर आल्यावर ते नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेल्या फॉर्म १६ मधील करकपातीशी ताडून पाहावेसे वाटलेच, आणि बचत खात्यावरील व्याजाची नोंदही त्याच बैठकीत झाली. पुढच्या रविवारी विवरणपत्र दाखल झाले. ई-पडताळणी मी तेव्हाच आधार ओटीपीने उरकली, कारण ती ३० दिवसांत न झाल्यास पडताळणीचा दिवस हाच दाखल केल्याचा दिवस मानला जातो.