रेझिस्टन्सचा डेटा भरताय? या चुका टाळा

रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी अँटिबायोटिकला दाद न देणं. त्याच्या सर्वेक्षणाचं आयसीएमआरचं जाळं 2013 पासून चालू आहे, एनसीडीसी या केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचं वेगळं आहे, आणि 2017 पासून भारताची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ग्लास’ या जागतिक सर्वेक्षणातही आहे. एवढ्या सगळ्या डोलाऱ्यात शेवटी जातं काय, तर आपल्या लॅबच्या बेंचवर कुणीतरी घाईघाईत खरडलेला आकडा. दरवर्षी त्याच चुका बघून वैताग आलाय, म्हणून लिहितेय.

सगळ्यात महागात पडते ती झोनचे (औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचे) मिलिमीटर न लिहिता नुसतं एस (सेन्सिटिव्ह), आय (मधलं), आर (रेझिस्टंट) लिहायची सवय. नवीन मुलांना ती फार प्रिय. “मॅडम, डॉक्टरांना तेवढंच लागतं ना?” डॉक्टरांना पुरतं हो, सर्वेक्षणाला नाही. ओळखीच्या एका लॅबमध्ये ई. कोलाय या जंतूचा सिप्रोफ्लॉक्सासिन-रेझिस्टन्सचा आलेख एका वर्षात ताडकन वर गेला. मीटिंगा झाल्या, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनी बोलणी खाल्ली, फार्मसीचे खरेदीचे कागद उपसले. जंतूंनी बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं. 2019 मध्ये सीएलएसआय या निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने सिप्रोचे निकष कडक केले होते. आधी 21 मिमीला सेन्सिटिव्ह म्हणायचे, आता 26 लागतात. कालचा 23 चा ‘एस’ आज ‘आय’, आणि बरोबर 21 चा तर थेट ‘आर’. लॅबने नवी पुस्तिका वर्षाच्या मध्येच लागू केली आणि कुठे नोंदही ठेवली नाही. मिलिमीटर असते तर हूनेट या डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी वर्षंही नव्या निकषांनी लावून बघता आली असती. पण वहीत नुसती अक्षरं! जुन्या-नव्याची तुलनाच संपली.

माझ्याकडे काळ्या पृष्ठभागावर प्लेट उलटी धरून व्हर्नियरने (बारीक मोजपट्टीने) झोन मोजायचा, एकाने आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने लिहायचा. वेळ जातो, जाऊ दे. महिनाअखेरीला मी रकान्यावरून नजर फिरवते. 15, 20, 25 अशा गोल आकड्यांची गर्दी दिसली की समजायचं, व्हर्नियर ड्रॉवरमध्येच आहे आणि काम अंदाजपंचे चाललंय.

दुसरी चूक, एकाच पेशंटला दहादा मोजणं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा नमुना दर दोन-चार दिवसांनी येतो, दर वेळी तोच अ‍ॅसिनेटोबॅक्टर, दर वेळी सगळ्याला रेझिस्टंट. सगळे धरले तर एक माणूस अख्ख्या आयसीयूची टक्केवारी फिरवतो. नियम साधा आहे: त्या काळात त्या पेशंटचा त्या जंतूचा पहिला आयसोलेट (नमुन्यातून वाढवलेला जंतू) धरा, बाकीचे गाळा. एक्सेलचं डुप्लिकेट काढायचं बटण दाबून मोकळे होणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तारीख बदलली की ते बटण अख्खी ओळ वेगळी समजतं. शिवाय पेशंट पुन्हा भरती झाला की नवा केस पेपर, नावाचं नवं स्पेलिंग. मी नाव, वय आणि वॉर्ड शेजारी लावून डोळ्यांनीच बघते.

बाकीच्या झटपट. मेरोपेनेमची डिस्क फक्त ‘अवघड’ जंतूंना लावाल, तर मेरोपेनेमचा रेझिस्टन्स फुगणारच. कोलिस्टिनची साधी डिस्क लावू नका, ते औषध प्लेटमधल्या अगारमध्ये (जेलीत) नीट पसरतच नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या द्रवात जंतू वाढवून बघणं) करा. टायफॉइडच्या जंतूला जेंटामायसिन प्लेटवर सेन्सिटिव्ह दिसतं, पेशंटला उपयोग नाही, रिपोर्टमध्ये देऊ नका. स्क्रीनिंगचे (आजारासाठी नाही, नुसते तपासणीपुरते घेतलेले) स्वॅब टक्केवारीत नकोत. 30 पेक्षा कमी आयसोलेटवर टक्के काढू नका. क्यूसीचा (चाचणी बरोबर चालतेय का हे बघायचा) 25922 हा ई. कोलायचा स्ट्रेन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला असेल, तर त्या दिवसाच्या प्लेटा वाचूच नका.

आणि हो, अहवालात ‘जिल्ह्यात रेझिस्टन्स इतके टक्के’ असं ठोकून देऊ नका. मोठ्या रुग्णालयात कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून बघणं) होतं ते बहुतेक गल्लीतल्या डॉक्टरांच्या औषधांच्या दोन-तीन कोर्सना दाद न दिलेल्या पेशंटचं. जो पहिल्या गोळीनं बरा झाला, त्याचा नमुना आपल्यापर्यंत येतच नाही. ‘आमच्या लॅबकडे आलेल्या नमुन्यांत’ एवढंच लिहा.