मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात यायचे असेल तर

‘मला मानसिक आरोग्यात काम करायचे आहे, कोणता कोर्स करू?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी लगेच कोर्सचे नाव सांगत नाही. रुग्णासाठी नेमके काय करावेसे वाटते, ते आधी विचारते. औषधे लिहून द्यायची आहेत, मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार करायचे आहेत, रुग्णाच्या घरापर्यंत जाऊन त्याची सुटलेली नोकरी आणि तुटलेली नाती सावरायला मदत करायची आहे, वॉर्डात शुश्रूषा करायची आहे, की स्वतः व्यसनातून बाहेर पडल्यावर दुसऱ्याला हात द्यायचा आहे? ही कामे एकाच छताखाली चालत असली तरी त्यांचे शिक्षण वेगळे, त्याला लागणारी वर्षे वेगळी आणि कायद्याने दिलेले अधिकारही वेगळे आहेत. हे न पाहता नुसत्या नावावरून कोर्स निवडणारे कितीतरी जण दोन-तीन वर्षांनी असे प्रमाणपत्र घेऊन उभे राहतात, की त्याच्या आधारावर त्यांना हवे ते काम करता येत नाही. ही फसगत टळावी, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

माणसांची गरज किती आहे, हे आकड्यांवरून कळते. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसून आले आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या पाहणीनुसार देशात ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज होती. मात्र दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाले होते. म्हणजे काम भरपूर आहे. पण काम भरपूर आहे म्हणून अर्धवट शिक्षणावर ते हाती घेतले, तर ज्याच्यासाठी घेतले त्यालाच इजा होते.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी हे काम जवळून पाहावे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या काही सभा बाहेरच्यांसाठी खुल्या असतात. तिथे मागे बसून ऐकावे, टिपणे काढू नयेत. एखाद्या संस्थेत सुटीत स्वयंसेवक म्हणून जाता आले तर उत्तमच. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी पूर्वी रुग्ण म्हणून आलेले अनेक जण पुढे कार्यकर्ते झाले आहेत. त्यांच्याशी तासभर बोलल्यावर या कामाचा जो अंदाज येतो, तो माहितीपत्रकातून येत नाही.

मनोविकारतज्ज्ञाची वाट सर्वांत लांब आणि सर्वांत स्पष्ट आहे. नीट परीक्षेतून एमबीबीएसला प्रवेश, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, त्यानंतर नीट-पीजी किंवा आयएनआय-सीईटीमधून मनोविकारशास्त्रातील एमडी किंवा डीएनबीची तीन वर्षे. केवळ व्यसनोपचारात विशेष ज्ञान मिळवायचे असेल त्यांच्यासाठी अ‍ॅडिक्शन सायकिअ‍ॅट्री या विषयात एमडीनंतरची डीएम ही तीन वर्षांची पदवी आहे; बेंगळुरूची निम्हान्स, दिल्लीची एम्स आणि चंडीगडची पीजीआय येथे ती देतात. अकरावीला विज्ञान शाखा घेतानाच हा निर्णय व्हावा लागतो, म्हणून या वाटेबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

सर्वाधिक गोंधळ मानसशास्त्राच्या वाटेवर होतो. मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी केले म्हणजे आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, हा समज चुकीचा आहे. ही उपाधी लावून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली असून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या परिषदेच्या मान्यतेशी जोडलेली आहे. अनेक वर्षे या नोंदणीचा मुख्य मार्ग म्हणजे पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षे पूर्णवेळ रुग्णालयात राहून केलेले एमफिल हा होता. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीतून एमफिल ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क (मनोसामाजिक समाजकार्य) या दोन विषयांपुरती मात्र २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुदत वाढवून दिली. त्यामुळे आज पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने मोठ्या भावंडाने किंवा प्राध्यापकांनी सांगितलेल्या जुन्या रस्त्यावर विसंबू नये. एमफिलच्या जागी येणारे अभ्यासक्रम कोणते, त्यांपैकी कोणता पूर्ण केल्यावर नोंदवहीत कोणत्या नावाने नोंद होते आणि ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा त्याची मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, या तिन्ही गोष्टी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहाव्यात. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ असे उत्तर मिळाले, तर मान्यता नाही असेच समजावे.

समुपदेशनाची गोष्ट वेगळी आहे. समुपदेशन मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली व्यक्ती शाळा, महाविद्यालय, कंपनी, हेल्पलाइन किंवा व्यसनमुक्ती केंद्र अशा अनेक ठिकाणी उत्तम काम करू शकते. मात्र हे क्षेत्र दीर्घकाळ कोणत्याही नोंदणीविना चालत आले, आणि त्याचा फायदा घेऊन तीन महिन्यांत, दहा दिवसांत, अगदी शनिवार-रविवारच्या दोन सत्रांत ‘सर्टिफाइड’ समुपदेशक घडवणारे वर्ग उभे राहिले. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञ, वर्तन-आरोग्य समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोसामाजिक क्षेत्रातील समाजकार्यकर्ते यांना आपल्या कक्षेत घेतले आहे. म्हणून आज शिक्षण निवडताना ते मान्यताप्राप्त विद्यापीठाचे, पूर्णवेळ आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या कामाचे तास लेखी दाखवणारे असावे, असे माझे ठाम मत आहे. छोटे कोर्स पदवीनंतर एखादे तंत्र शिकण्यासाठी जरूर करावेत, पण ते पदवीची जागा घेऊ शकत नाहीत.

माझी स्वतःची वाट मनोसामाजिक समाजकार्याची, त्यामुळे तिच्याबद्दल थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, निर्मला निकेतनमध्ये, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत आणि राज्यातील इतर अनेक महाविद्यालयांत घेता येते. पदवी कोणत्याही शाखेची चालते, ही तिची मोठी सोय आहे. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना उशिरा सुचलेली इच्छाही इथे पूर्ण होऊ शकते. २०१७ च्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर म्हणवून घेण्यासाठी त्यापुढचे त्याच विषयातील एमफिल आवश्यक धरलेले आहे, तेव्हा वर सांगितलेला बदल इथेही लागू पडतो. अभ्यासक्रमातले फील्डवर्क हाच या शिक्षणाचा कणा असतो. आठवड्यातले दोन दिवस संस्थेत, वस्तीत किंवा रुग्णालयात जायचे आणि परतल्यावर जे पाहिले-ऐकले ते लिहायचे. मी लिहिलेल्या एका अहवालात ‘रुग्ण दारूच्या प्रमाणाबाबत खोटे बोलतो’ असे वाक्य होते. माझ्या पर्यवेक्षकांनी ते लाल शाईने खोडले नाही. शेजारी पेन्सिलीने लिहिले, ‘रुग्ण एक क्वार्टर सांगतो, पत्नी दोन सांगते. मुलाखतीच्या वेळी सासरे खोलीत होते.’ त्या शेवटच्या शब्दांनी मला जे शिकवले, त्यासाठी अख्खे सत्रही कमी पडले असते. पुढच्या भेटीत मी सासऱ्यांना बाहेर बसण्याची विनंती केली, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याने आकडा स्वतःच सांगितला.

म्हणून कोणताही अभ्यासक्रम निवडताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, की माझे काम कोण पाहणार आणि किती वेळा पाहणार. याला सर्वत्र सुपरव्हिजन म्हणतात. ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अनुभवी व्यक्तीकडून आणि प्रत्यक्ष केसवर व्हायला हवे. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेच्या मागच्या तुकडीतील दोघांना गाठावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: तुम्ही स्वतः किती रुग्णांसोबत काम केले, त्यांपैकी किती केसवर कोणी तुमच्यासोबत बसून चर्चा केली, आणि अभ्यासक्रम संपल्यावर नोंदणी व्हायला किती काळ लागला? वर्गातील फळ्यापेक्षा ही उत्तरे जास्त सांगतात.

शुश्रूषेच्या वाटेची चर्चा फार कमी होते, याची मला खंत वाटते. जीएनएम या परिचर्या पदविकेची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे केल्यावर मनोविकार शुश्रूषेतील एक वर्षाची पदविका, आणि बीएस्सी झालेल्यांना दोन वर्षांचे एमएस्सी करता येते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि व्यसनमुक्ती केंद्रे या सर्वांना प्रशिक्षित परिचारिका हव्या असतात. शिकाऊ असताना एका केंद्रात नुकत्याच दाखल झालेल्या एका गृहस्थांची मी प्रश्नावली भरून घेत होते. शेवटचा पेला घेऊन दोन दिवस झाले होते. उत्तरे भरकटत होती आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा मुद्द्यावर आणत होते. सिस्टर आत आल्या, त्यांनी त्यांना दोन्ही हात समोर ताठ धरून बोटे फाकवायला सांगितली. हात कापत होते, कपाळावर घाम होता, आणि ‘आज वार कोणता’ याचे उत्तर त्यांना देता आले नाही. सिस्टरांनी माझ्या हातातली फाइल मिटली आणि डॉक्टरांना बोलावले. दारू अचानक थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भान हरपण्याची, जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते, हे मी वाचलेले होते. पण ते ओळखणे मला सिस्टरांनी शिकवले. समुपदेशक व्हायचे असो की समाजकार्यकर्ता, विथड्रॉवलची, म्हणजे नशा थांबवल्यावर दिसणारी लक्षणे आणि डॉक्टरांना केव्हा बोलवायचे हे पाठ असल्याशिवाय व्यसनाच्या रुग्णासमोर एकट्याने बसू नये.

व्यसनातून सावरलेल्या व्यक्तीने या कामात यावे का, असे मला अनेकदा विचारले जाते. यावे, आणि सन्मानाने यावे. नव्या रुग्णाला ‘माझेही असेच झाले होते’ हे वाक्य जितक्या खोलवर जाऊन भिडते, तितके कोणत्याही पदवीधराचे बोलणे भिडत नाही. मात्र त्यासाठी काही अटी स्वतःच स्वतःला घालाव्या लागतात. स्वतःची व्यसनमुक्ती पुरेशी स्थिरावू द्यावी, आपल्या सभा आणि आपला मार्गदर्शक सोडू नये, आणि आपल्याला जे लागू पडले तेच प्रत्येकाला लागू पडेल असे मानू नये. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखी औषधे दीर्घकाळ देण्याची मान्य पद्धत आहे. ‘गोळी घेतो म्हणजे अजून व्यसनीच’ असे म्हणणारा कार्यकर्ता रुग्णाला औषध सोडायला लावून त्याचा जीव धोक्यात घालतो. त्यामुळे अनुभवाला प्रशिक्षणाची जोड हवीच. राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था व्यसनमुक्ती क्षेत्रातील कार्यकर्त्यांची प्रशिक्षणे घेते, आणि कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेने तयार केलेला उपचारविषयक अभ्यासक्रम शिकून व्यसनोपचार व्यावसायिकाची आंतरराष्ट्रीय परीक्षाही देता येते.

पहिली नोकरी निवडताना पगाराआधी दोन गोष्टी तपासाव्यात. २०१७ च्या कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक स्थितीचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे, त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून ठेवणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. दुसरे म्हणजे, तिथे रुग्णांना मारहाण होते का, बांधून ठेवतात का, हे डोळे उघडे ठेवून पाहावे. रुग्णाला साखळीने बांधण्यास याच कायद्याने पूर्ण बंदी आहे. असे काही दिसले तर ‘आधी अनुभव मिळवू, मग बघू’ असे म्हणून तिथे थांबू नये. त्या अनुभवातून चुकीचेच शिकायला मिळते.

सरकारी कामाची इच्छा असणाऱ्यांनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील जागांवर लक्ष ठेवावे. त्यात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समाजकार्यकर्ता आणि परिचारिका अशी तुकडी असते. पदे बरीचशी कंत्राटी असतात, पण तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन काम करण्याची संधी दुसरीकडे क्वचितच मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या १४४१६ क्रमांकाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइन सेवेत प्रशिक्षित समुपदेशक लागतात. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांतही समुपदेशकांच्या जागा असतात.

रुजू होण्यापूर्वी गोपनीयतेचे नियम नीट वाचावेत. रुग्णाने सांगितलेले घरच्यांनाही त्याच्या संमतीशिवाय सांगायचे नसते. मात्र अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावी, प्रसंग आल्यावर नव्हे.

आणि पहिल्या वर्षातच एक दिवस असा येईल, की आठ महिने दारूपासून दूर राहिलेला तुमचा रुग्ण पुन्हा पिऊन केंद्राच्या दारात उभा असेल. त्याची पत्नी तुमच्याकडेच रागाने पाहत असेल. अशा वेळी नव्या दाखल-पत्रकावर ‘पुन्हा सुरुवात कशी झाली’ हे लिहिण्याआधी, ते आठ महिने त्याने कसे काढले, संध्याकाळी सात वाजता तो काय करत असे, कोणाला फोन करत असे, हे त्याला विचारावे आणि पत्रकावर सर्वांत वर तेच लिहावे.