अमेरिकन इन्फंट्री रेजिमेंटचा सेवा-इतिहास कसा शोधावा

३१ ऑक्टोबर १९४३ रोजी ‘लरलाइन’ हे जहाज मुंबई बंदराला लागलं. त्यातून उतरलेले अमेरिकन पायदळाचे स्वयंसेवक आधी देवळालीच्या छावणीत गेले आणि तिथून देवगढला. (हे हापूसचं देवगड नव्हे. बेतवाकाठचं देवगढ, आजच्या उत्तर प्रदेशातल्या ललितपूर जिल्ह्यातलं.) फेब्रुवारी १९४४ मध्ये हीच माणसं ब्रह्मदेशच्या जंगलात शिरली आणि वार्ताहरांनी त्यांच्या सेनानी मेरिलवरून त्यांचं नाव ‘मेरिल्स मरॉडर्स’ करून टाकलं.

त्यांचा सेवा-इतिहास काढायला बसलात की पहिल्या तासाभरात डोकं चक्रावतं. एका कागदावर ते ‘१६८८’ या आकड्याने ओळखले जातात, दुसऱ्यावर ‘गॅलाहाड’, तिसऱ्यावर ‘५३०७वं कंपोझिट युनिट (प्रोव्हिजनल)’. १० ऑगस्ट १९४४ पासून ते ‘४७५वी इन्फंट्री’ होतात. १९५४ साली ‘७५वी इन्फंट्री’ असं नाव येतं. आणि आजची ७५वी रेंजर रेजिमेंट आपलं मूळ यांच्यातच सांगते. मरॉडर्सच्या पानावर जे सापडत नाही ते ४७५व्या इन्फंट्रीच्या फायलीत निमूट पडलेलं असतं.

अमेरिकन रेजिमेंट्सचे कागद विपुल आहेत, बरेचसे फुकट आहेत आणि पुण्यात बसूनही वाचता येतात. फक्त ते कुठल्या क्रमाने उघडायचे हे माहीत हवं.

आधी रेजिमेंट कुणाची आणि कधीची ते ठरवा

‘विसावी रेजिमेंट’ एवढ्या माहितीवर काहीच हाती लागत नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात जवळपास प्रत्येक राज्याने स्वतःच्या रेजिमेंट्स उभ्या केल्या आणि प्रत्येकाने त्यांना आपापले वेगळे नंबर दिले. त्यामुळे २०वी मेन, २०वी मॅसॅच्युसेट्स, २०वी इंडियाना या तीन वेगळ्या पलटणी आहेत. शिवाय केंद्र सरकारच्या कायम फौजेची २०वी इन्फंट्री आणखी निराळी. फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट राज्यांनीही हीच पद्धत ठेवली. म्हणून युद्ध, राज्य, नंबर आणि स्वयंसेवक की कायम फौज, या चार गोष्टी कळल्याशिवाय शोधाच्या खिडकीत काही टाइप करू नका.

नंबर बदलल्याचीही खात्री करून घ्या. कृष्णवर्णीय सैनिकांची पहिली साउथ कॅरोलायना ही रेजिमेंट १८६४ मध्ये ३३वी युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स झाली, पण ५४व्या मॅसॅच्युसेट्सने राज्याचंच नाव ठेवलं. १८६९ मध्ये कायम फौजेच्या ४५ इन्फंट्री रेजिमेंट्स घटवून २५ करण्यात आल्या. त्यात ३८वी आणि ४१वी मिळून २४वी झाली, ३९वी आणि ४०वी मिळून २५वी. १८६८ सालच्या ३८व्या इन्फंट्रीचा माणूस १८७० मध्ये कुठे गेला, याचं उत्तर अनेकदा इतकं साधं असतं.

यादवी युद्धातल्या रेजिमेंटमध्ये कागदावर दहा कंपन्या आणि सुमारे हजार माणसं. कंपन्यांना इंग्रजी अक्षरं, ए पासून के पर्यंत, मधलं ‘जे’ हे अक्षर गाळून. त्यामुळे एखाद्या जुन्या पत्रात ‘जे कंपनी’ दिसली तर ती बहुधा वळणदार हस्ताक्षरातली आय कंपनी असते. अपवादही आहेत: पहिल्या मिनेसोटाला नेमबाजांची एल कंपनी जोडलेली होती.

वंशावळ काढा, पण तिला इतिहास समजू नका

अमेरिकन लष्कराचं सेंटर ऑफ मिलिटरी हिस्ट्री प्रत्येक रेजिमेंटची ‘लिनिएज अँड ऑनर्स’ नावाची अधिकृत नोंद ठेवतं. ती वाचायला रुक्ष असते, पण तिच्यातलं एकेक क्रियापद नेमकं आहे. ‘कॉन्स्टिट्यूटेड’ म्हणजे रेजिमेंट कागदावर आली, अजून एकही शिपाई नाही. ‘ॲक्टिव्हेटेड’ म्हणजे माणसं आली. ‘इनॲक्टिव्हेटेड’ म्हणजे माणसं गेली, पण नाव राखून ठेवलं. ‘डिसबँडेड’ म्हणजे नावही गेलं. ‘कन्सॉलिडेटेड’ म्हणजे दोन वंश एकत्र झाले. ४७५वी इन्फंट्री १ जुलै १९४५ रोजी चीनमध्ये इनॲक्टिव्हेट झाली आणि २० नोव्हेंबर १९५४ रोजी ओकिनावात ७५वी इन्फंट्री म्हणून पुन्हा ॲक्टिव्हेट झाली. मधल्या नऊ वर्षांत तिच्या लढाया शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण तेव्हा रेजिमेंटमध्ये कुणीही नव्हतं.

वंशावळ ही प्रशासनाने ठरवलेली गोष्ट असते. दुसऱ्या महायुद्धातल्या रेंजर बटालियन्सचा वारसा १९६० मध्ये स्पेशल फोर्सेसकडे गेला आणि १९८६ मध्ये तो ७५व्या रेंजर रेजिमेंटकडे आला. १९४४ मध्ये नॉर्मंडीत लढलेले रेंजर्स आणि ब्रह्मदेशातले मरॉडर्स यांची कधी गाठही पडली नव्हती, आज मात्र ते एकाच कुळात आहेत. माझ्या मते वंशावळीचा उपयोग फायली कुठल्या नावाखाली शोधायच्या एवढं कळण्यापुरता करावा. कोण कुठे लढलं हे दुसऱ्या कागदांनी ठरवायचं.

आणखी एक: १९५७ पासून लढाऊ घटक म्हणून रेजिमेंटची जागा आधी ‘बॅटल ग्रुप’ने आणि मग १९६० च्या दशकात बटालियनने घेतली. व्हिएतनाम युद्धापासूनचा शोध बटालियनच्या नंबरानेच करा.

तारखांचा सांगाडा उभा करा

यादवी युद्धातल्या उत्तरेच्या रेजिमेंट्ससाठी फ्रेडरिक डायर यांचं १९०८ सालचं संकलन आजही पहिलं दार आहे. प्रत्येक रेजिमेंटला एक परिच्छेद, तोही तारेच्या भाषेत. २०व्या मेनचा मजकूर साधारण असा: पोर्टलंडला उभारणी, २९ ऑगस्ट १८६२ रोजी भरती पूर्ण, पाचव्या कोअरच्या पहिल्या डिव्हिजनची तिसरी ब्रिगेड (काही रेजिमेंट्सची ब्रिगेड, ब्रिगेड्सची डिव्हिजन, डिव्हिजन्सची कोअर), मग अँटिएटम, फ्रेडरिक्सबर्ग, गेटिसबर्ग अशी लढायांची रांग, १६ जुलै १८६५ रोजी विसर्जन आणि शेवटी मृतांची संख्या. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या यादवी युद्धातल्या सैनिकांविषयीच्या डेटाबेसमधली रेजिमेंटची टिपणं बहुतेक इथूनच आली आहेत. तेव्हा दोन्हीकडे एकच तारीख दिसली म्हणून दोन साक्षीदार मिळाले असं मानू नका.

हा परिच्छेद एक्सेलमध्ये उतरवा. तारीख, ठिकाण, कुणाच्या हाताखाली, काय झालं, माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना आळसाने गाळला जातो, आणि दोन महिन्यांनी एखादी तारीख कुठून आणली तेच आठवत नाही.

मरॉडर्सचा सांगाडा असा होतो: मार्चच्या पहिल्या आठवड्यात वालावबम, २८ मार्चला शादुझुप, २८ मार्च ते ९ एप्रिल न्हपुम गा इथे दुसऱ्या बटालियनला वेढा, १७ मे रोजी मिचिनाचा विमानतळ काबीज, ३ ऑगस्टला ते शहर पडलं, १० ऑगस्टला तुकडीच संपली. सहा महिन्यांहून कमी काळ.

मग मूळ कागदांकडे वळा

अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये सगळं ‘रेकॉर्ड ग्रुप’ या क्रमांकांनी लावलेलं असतं. यादवी युद्धातल्या स्वयंसेवकांसाठी ग्रुप ९४ आणि दुसऱ्या महायुद्धातल्या युनिट्सच्या कारवायांसाठी, मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथला ग्रुप ४०७.

ग्रुप ९४ मध्ये हजेरीपटांची गंमत आहे. साधारण दर दोन महिन्यांनी कंपनीची मोजणी होई आणि त्याच कागदावर ‘रेकॉर्ड ऑफ इव्हेंट्स’ म्हणून चार ओळी लिहिल्या जात: कुठून निघालो, किती मैल चाललो, कुठे चकमक झाली. या नोंदींची नक्कल केलेली मायक्रोफिल्म आहे, क्रमांक एम ५९४. दक्षिणेकडच्या रेजिमेंट्ससाठी एम ८६१. डायरच्या एका ओळीमागचा चिखल, उपास आणि रात्रीची चाल इथे सापडते.

पगाराच्या नोंदीही वाचा. ५४व्या मॅसॅच्युसेट्सच्या जवानांनी महिनोन्महिने पगार उचललेला दिसत नाही. कारकुनाचा विसराळूपणा वाटावा असं ते आहे. प्रत्यक्षात गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत असताना यांना १० देऊ केले आणि त्यातून ३ कपड्यांचे कापायचे ठरवलं, म्हणून अख्ख्या रेजिमेंटने तो पैसा नाकारला. याच काळात, १८ जुलै १८६३ रोजी, त्यांनी फोर्ट वॅग्नरवर चढाई केली आणि कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तिथेच पडला. समान पगाराचा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला तो जून १८६४ मध्ये.

ग्रुप ४०७ मध्ये फायलींचे क्रमांक वाचायला शिका. पहिल्या इन्फंट्री डिव्हिजनच्या फायली ३०१ ने सुरू होतात. त्यापुढे ‘आयएनएफ’ आणि कंसात १६ दिसलं तर ती त्याच डिव्हिजनची १६वी इन्फंट्री. महायुद्धातली बहुतेक रेजिमेंट अशी डिव्हिजनच्या पोटात असते, म्हणून आधी डिव्हिजन शोधायची. ४७५व्यासारख्या स्वतंत्र रेजिमेंट्स मात्र वेगळ्या लावलेल्या आहेत.

‘सगळं १९७३ च्या आगीत जळालं’ हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या हे खरं. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवेतून बाहेर पडलेल्या लष्करी माणसांच्या फायलींपैकी अंदाजे ८० टक्के त्यात होत्या. पण त्या व्यक्तींच्या फायली होत्या. कॉलेज पार्कमधले रेजिमेंट्सचे कारवाई-अहवाल शाबूत आहेत. एखाद्या शिपायाची फाइल जळाली असेल तरी त्याची कंपनी त्या दिवशी कुठे होती हे बहुधा सांगता येतं.

शेजारी आणि शत्रू काय म्हणतो ते वाचा

रेजिमेंट स्वतःबद्दल जे लिहिते ते स्वतःच्या बाजूचं असणारच. गेटिसबर्गला २ जुलै १८६३ रोजी लिटल राउंड टॉपवर २०व्या मेनने संगिनी रोखून उतारावरून धाव घेतली आणि १५वी अलाबामा मोडली, ही तिचा कर्नल जोशुआ चेंबरलेन याची हकीकत जगभर पोहोचली. अलाबामाचा कर्नल विल्यम ओट्स नंतर लिहितो की माघारीचा हुकूम आपण आधीच देऊन बसलो होतो. दोघं म्हातारे झाले तरी अलाबामाचं स्मारक तिथे नेमकं कुठे उभारायचं यावरून त्यांचं जमलं नाही आणि ओट्सला हवं होतं ते स्मारक झालं नाही.

दोन्ही बाजूंचे अहवाल एकत्र हवे असतील तर सरकारने १८८० ते १९०१ दरम्यान छापलेले ‘ऑफिशियल रेकॉर्ड्स’ पाहा. १२८ पुस्तकं, पूर्ण स्कॅन केलेली, मोफत. रेजिमेंटचं नाव सूचीत शोधताना ब्रिगेड आणि कोअरच्या कमांडरांची नावंही शोधा. आपल्या रेजिमेंटबद्दलचं सर्वांत मोलाचं वाक्य बरेचदा शेजारच्या कर्नलच्या अहवालात असतं.

आकडा कुणी, कधी, कशासाठी मोजला ते विचारा

पहिल्या मिनेसोटाच्या गेटिसबर्गमधल्या स्मारकावर २६२ जणांनी चढाई केली आणि २१५ पडले असं कोरलेलं आहे. दगडावर कोरलंय म्हणून ते शेवटचं मानू नका. काही कंपन्या त्या वेळी दुसऱ्या कामावर होत्या आणि चढाईत नेमके किती होते यावर अभ्यासकांचं एकमत नाही. भाजक बदलला की टक्केवारी बदलते.

मरॉडर्सचं उलट आहे. सुमारे ३,००० माणसं निघाली. लढाईत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून लष्कराच्या सुरुवातीच्या मोजणीत चारशेच्या आसपास, तर आमांश, मलेरिया, टायफस आणि नाना तापांनी बाद झालेले दोन हजारांच्या घरात. फक्त लढाईचे बळी लिहून थांबलात तर ऑगस्टमध्ये ही तुकडी का संपली हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

ठिकाणांची नावं

एकाच लढाईला उत्तरेवाले बुल रन म्हणत, दक्षिणेवाले मनॅसस. अँटिएटम आणि शार्प्सबर्गचंही तेच. उत्तरेचा ओढा नदी-नाल्याच्या नावाकडे, दक्षिणेचा जवळच्या गावाकडे. दोन्ही नावांनी शोधा. ब्रह्मदेशात तर इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांचा संबंध बेताचाच, त्यामुळे नकाशाशी ताडल्याशिवाय गाव पक्कं करू नका.

शेवटी आर्काइव्ह्जला लिहा

इथवर आलात की अडलेले प्रश्न दोन-चारच उरतात. ते ईमेलने विचारा. ‘मरॉडर्सबद्दल सगळं पाठवा’ असं लिहिलंत तर छापील माहितीपत्रक येईल. त्याऐवजी रेकॉर्ड ग्रुप ४०७, ४७५वी इन्फंट्री आणि तिचं आधीचं नाव, हव्या त्या दोन तारखा, कुठल्या प्रकारचा कागद हवा आणि तुम्ही आधी काय पाहिलं आहे, एवढं पाच ओळींत लिहा. एका पत्रात एकच रेजिमेंट. उत्तराला आठवडे लागतात. स्कॅनिंगला पानागणिक पैसे पडतात, म्हणून आधी फाइल किती पानांची आहे तेवढं विचारून घ्या.