मेणातील ऊतीछेद आणि ठाण्याची दमट हवा

ठाणे खाडीच्या चिखलातील निवटी या माशाचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, तर त्याचे सुमारे ५ मायक्रॉन जाडीचे काप घ्यावे लागतात. ओली, मऊ ऊती इतकी पातळ कापता येत नाही. म्हणून तिच्यातील पाणी काढून त्या जागी पॅराफिन मेण भरायचे असते.

मासा मेल्यावर ऊती लगेच बिघडू लागते, त्यामुळे विलंब न करता ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा त्याच्या आकारमानाच्या किमान दहापट फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) २४ तास ठेवावा. हे द्रावण बफरयुक्तच (आम्लता वाढू न देणारे) असावे, कारण आम्लधर्मी फॉर्मॅलिनमुळे यकृतासारख्या रक्ताने भरलेल्या ऊतीत तपकिरी-काळे कण साचतात आणि ते पेशींतील रंगद्रव्य असल्याचा भास होतो. हातमोजे घालून, हवेशीर जागेतच काम करावे.

त्यानंतर ७०, ९० आणि १०० टक्के अल्कोहोलमध्ये प्रत्येकी एक तास याप्रमाणे तुकडा न्यावा. १०० टक्क्यांचे अल्कोहोल दोनदा बदलावे. आपल्याकडे काम बिघडते ते बहुधा इथेच. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत इतका ओलावा असतो, की सैल झाकणाच्या बाटलीतील शुद्ध अल्कोहोल हवेतले पाणी शोषून घेते. माझे एका पावसाळ्यातले सगळे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) याच कारणाने आतून मऊ राहिले होते. तेव्हापासून मी बाटलीच्या तळाशी निर्जल मोरचूद पसरून त्यावर फिल्टर पेपर ठेवते. पांढरी पूड निळी पडली, की अल्कोहोल बदलायचे. अल्कोहोलनंतर तुकडा झायलिनमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढून मेणाला जागा करून देणाऱ्या द्रावकात टाकायचा. त्यात टाकताच तुकड्याभोवती दुधाळपणा दिसला, तर पाणी उरले आहे असे समजून तो पुन्हा शुद्ध अल्कोहोलमध्ये न्यावा. झायलिन ज्वालाग्राही असल्याने जवळ ज्योत नसावी.

तुकडा पारदर्शक झाला, की वितळलेल्या मेणात, दर वेळी मेण बदलून, तीनदा प्रत्येकी ४५ मिनिटे ठेवावा. उष्ण हवेत ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे मेण सोयीचे ठरते. ओव्हन त्याहून दोन-तीन अंशच अधिक ठेवावा, कारण जास्त उष्णतेने यकृत ठिसूळ होते. साच्यात मेण ओतून, जी बाजू कापायची ती तळाकडे करून तुकडा बसवावा.

कापण्यापूर्वी ब्लॉक बर्फावर थंड करावा. मायक्रोटोमवर (पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) आलेली रिबन, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कापांची पट्टी, ४५ अंशांच्या पाण्यावर पसरवून स्लाइडवर उचलावी आणि स्लाइड ३७ अंशांवर रात्रभर वाळवावी. पुरेशी न वाळलेली स्लाइड रंगवताना काप सुटून जातो.