नव्या प्रोसेसरसाठी टूलचेन पोर्ट करताना या चुका टाळा

नव्या बोर्डावर एलईडी लुकलुकला आणि सिरियल पोर्टवर पहिली ओळ उमटली, की टूलचेन (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनांचा संच) तयार झाली असे समजण्याची चूक बहुतेक जण एकदा तरी करतात. आम्हीही केली. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत द्राक्षांच्या शीतगृहांसाठी कंट्रोलर बनवताना, रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेच्या ३२ बिटी गाभ्यात स्वतःची दोन-तीन इन्स्ट्रक्शन घालून त्यासाठी बायन्युटिल्स (असेम्बलर, लिंकर वगैरे साधने) आणि जीसीसी हा कंपायलर पोर्ट करण्याचे, म्हणजे त्या गाभ्याला जुळवून घेण्याचे, काम आमच्याकडे होते. अशा छोट्या प्रोग्रामला डेटा जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्याच्या चालण्यावरून लिंकरविषयी, म्हणजे कोडचे तुकडे जोडून पत्ते भरणाऱ्या साधनाविषयी, फारसे काही कळत नाही.

पुढे तापमान-दुरुस्तीचा एक तक्ता वाढवल्याबरोबर पडद्यावर वेडीवाकडी मूल्ये येऊ लागली. पहिला संशय कोड वेगवान करणाऱ्या ऑप्टिमायझरवर गेला, कारण दोष त्याच्या माथी मारणे सोपे असते, आणि त्यात दोन दिवस वाया गेले. ऑब्जडम्प (तयार प्रोग्राममधल्या इन्स्ट्रक्शनची यादी) काढून ओळीने वाचल्यावर खरे कारण सापडले. रिस्क-फाइव्हमध्ये ३२ बिटांचा पत्ता एका इन्स्ट्रक्शनमध्ये मावत नाही. एलयूआय ही इन्स्ट्रक्शन वरचे २० बिट भरते आणि खालचे १२ बिट पुढच्या लोड किंवा बेरजेच्या इन्स्ट्रक्शनमध्ये जातात. हे १२ बिट चिन्हासह धरले जातात, म्हणजे त्यांची व्याप्ती उणे २०४८ ते २०४७ एवढीच असते. व्हेरिएबल २०००१८०० या हेक्स (सोळाच्या पायातल्या) पत्त्यावर असेल, तर खालचे ८०० हे उणे २०४८ ठरते आणि म्हणून वर २०००१ नव्हे, २०००२ भरावे लागते. आमच्या नव्या लोड इन्स्ट्रक्शनसाठी रिलोकेशन (लिंकरने तिच्यात पत्ता कसा भरायचा याचा नियम) लिहिताना पत्त्यात आधी हेक्स ८०० मिळवून मग वरचे बिट काढायचे राहून गेले होते, त्यामुळे प्रोग्राम २००००८०० वर, म्हणजे बरोबर ४०९६ बाइट अलीकडे, वाचत होता. दर ४ केबीच्या पहिल्या अर्ध्या भागातला डेटा ठीक आणि दुसऱ्या अर्ध्यातला बिघडलेला दिसला, तर सी कोडकडे न पाहता थेट रिलोकेशन तपासावे.

याउलट, जो दोष टूलचेनचा नाही तो तिच्यावर लादू नये. शीतगृहात द्राक्षे शून्याच्या किंचित खाली ठेवतात. संगणकावरच्या चाचणीत उणे १ दाखवणारा प्रोग्राम बोर्डावर २५५ दाखवू लागला, तेव्हा कंपायलर बिघडला असेच सर्वांना वाटले. वास्तविक ‘चार’ (char) हा एका बाइटचा साधा प्रकार चिन्हासह धरायचा की चिन्हाविना, हे सी भाषेने प्रत्येक प्लॅटफॉर्मवर सोडले आहे. एक्स८६ वर तो चिन्हासह असतो, रिस्क-फाइव्हवर चिन्हाविना. तापमानासाठी स्पष्टपणे ‘साइन्ड चार’ (signed char) लिहावे.

स्टार्टअप कोडमधली एक चूक मात्र खास सांगण्यासारखी आहे. ग्लोबल पॉइंटर रजिस्टरच्या आधाराने जवळचे पत्ते छोटे करण्याचे काम लिंकर करतो, त्याला रिलॅक्सेशन म्हणतात. पण ते रजिस्टर भरणारी ओळच नोरिलॅक्स (‘हे छोटे करू नको’) पर्यायात बंदिस्त केली नसेल, तर लिंकर तीही छोटी करतो, आणि अजून न भरलेले रजिस्टर स्वतःच्याच आधाराने भरले जाते. माळ्यावरची शिडी काढण्यासाठी त्याच शिडीवर चढू पाहण्यासारखा हा प्रकार.

सॉफ्ट-फ्लोट आणि डबल-फ्लोट (अपूर्णांक हाताळण्याच्या दोन वेगळ्या पद्धतींचे) मॉड्यूल एकत्र लिंक होत नाहीत असा संदेश आल्यास त्याला फसवून पुढे जाऊ नये, कारण एक बाजू अपूर्णांक साध्या रजिस्टरमध्ये ठेवते आणि दुसरी तो फ्लोटिंग-पॉइंट रजिस्टरमध्ये शोधते. योग्य एबीआयची (फंक्शनांनी एकमेकांना मूल्ये देण्याच्या नियमांची) लिबजीसीसी ही जीसीसीची मदतनीस लायब्ररी आणि न्यूलिब ही सी लायब्ररी पुन्हा बांधावी. २०२२ मध्ये आलेल्या बायन्युटिल्स २.३८ पासून सीएसआर (नियंत्रण आणि स्थिती रजिस्टरच्या) इन्स्ट्रक्शनसाठी आर्किटेक्चरच्या नावात झिकएसआर हे विस्ताराचे नाव वेगळे लिहावे लागते, म्हणून जुनी मेकफाइल अचानक अडते. बांधणीचा क्रम बायन्युटिल्स, हेडरविना जीसीसी, न्यूलिब आणि मग पूर्ण जीसीसी असाच ठेवावा.

क्यूईएमयू या एम्युलेटरवर (संगणकातल्या नकली प्रोसेसरवर) सारे चालते आणि बोर्डावर नाही, अशा वेळी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. क्यूईएमयू कॅशेचे अनुकरण करत नाही, त्यामुळे रॅममध्ये कोड लिहिल्यानंतर फेन्स-आय (नवा कोड वाचायला लावणारी इन्स्ट्रक्शन) द्यायचे राहिले तरी तिथे कळत नाही. तसेच डेटाच्या आकाराने भाग न जाणाऱ्या (मिसअलाइन्ड) पत्त्यावरचे वाचन तो निमूटपणे करतो, तर लहान गाभा अनेकदा ट्रॅप देतो, म्हणजे चूक नोंदवून थांबतो.

एवढे होऊनही ऑप्टिमायझरवरचा संशय उरलाच, तर ओ-शून्य (ऑप्टिमायझेशन नाही) आणि ओ-दोन (भरपूर ऑप्टिमायझेशन) या दोन्ही पातळ्यांवर सर्व फाइली कंपाइल करून ऑब्जेक्ट फाइली निम्म्या-निम्म्या मिसळाव्यात. एबीआय एकच असल्याने त्या एकत्र लिंक होतात, दर खेपेला संशयित फाइली निम्म्या होतात आणि १२८ फाइलींमधली एक दोषी फाइल सात खेपांत हाती लागते. तिच्यातले फंक्शन सी-रिड्यूस या कोड आपोआप छोटा करणाऱ्या साधनाने कमी करत न्यावे आणि उरलेल्या दहा-पंधरा ओळी जीसीसीच्या टॉर्चर चाचण्यांच्या फोल्डरमध्ये टाकाव्यात, म्हणजे पुढे जीसीसीच्या चाचण्या (मेक चेक) चालवल्या की त्याही आपोआप चालतील.