नुनावुतमधली सार्वजनिक घरं: योजना सुधारायची तर कामाचा क्रम

कॅनडाच्या उत्तरेचा नुनावुत हा प्रदेश महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे. २०२१च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३६,८५८ होती. गावं २५, बहुतेक रहिवासी इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आणि बाहेरून रस्ता एकाही गावाला नाही. निम्म्याहून जास्त लोक सरकारी भाड्याच्या घरांत राहतात. ही घरं नुनावुत हाउसिंग कॉर्पोरेशनची. गावातलं वाटप, वसुली आणि दुरुस्ती स्थानिक गृहसंस्था बघते.

१९५०-६०च्या दशकांत शिकारीच्या तळांवरची कुटुंबं वस्त्यांत आणून बसवली, ती स्वस्त घरांच्या आश्वासनावर. १९९३ साली ओटावाच्या केंद्र सरकारनं नव्या सामाजिक घरांचा पैसा थांबवला आणि तुटवडा वाढत गेला. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘नुनावुत ३०००’ योजनेत २०३० पर्यंत ३,००० घरांचं लक्ष्य आहे. ते हवंच. पण योजना फक्त नव्या घरांच्या आकड्यावर जोखली, तर एकीकडे घरं वाढतात आणि दुसरीकडे जुनी राहण्यालायक उरत नाहीत. म्हणून सुरुवात जुन्या घरांपासून करावी.

आहेत ती घरं आधी

पद्धत ऑस्ट्रेलियाकडून घ्यावी. १९८०च्या दशकात तिथल्या आनंगू आदिवासी वस्त्यांतून ‘हाउसिंग फॉर हेल्थ’ हे काम उभं राहिलं. त्याचा पहिला नियम असा: नुसती पाहणी करायची नाही, पाहणीच्या दिवशीच दुरुस्तीला हात घालायचा. पथकात प्रशिक्षण दिलेली गावातलीच माणसं, सोबत प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन. तिथल्या हजारो घरांच्या नोंदींत भाडेकरूंनी केलेली मोडतोड एक दशांशाहूनही कमी निघाली. बहुतेक बिघाड देखभाल न झाल्यामुळे होते, आणि त्याखालोखाल मुळातच खराब बांधकामामुळे. ‘लोकच घरं खराब करतात’ असं म्हणून निधी अडवणाऱ्यांसमोर अशाच नोंदी ठेवाव्या लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिघाडाचं कारण लिहून ठेवा.

नुनावुतमध्ये क्रम असा ठेवावा. आधी जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी: धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बॉयलरची चिमणी, बर्फानं अडलेलं दुसरं दार. मग पाणी. बहुतेक गावांत टँकर पाणी भरून जातो आणि सांडपाणी दुसरा टँकर उपसून नेतो. सांडपाण्याची टाकी भरली की फ्लोट स्विच, म्हणजे टाकीतल्या पातळीवर चालणारं बटण, घरातला पाण्याचा पंपच बंद करतो, त्यामुळे उपसा चुकला की नळही बंद. टाक्या ठरावीक माणसांच्या हिशेबानं बसवलेल्या असतात, घरात माणसं त्याच्या दुप्पट असतात. अशा घरी टँकरच्या फेऱ्या माणसं मोजून ठरवा आणि फ्लोट स्विच दर पाहणीत तपासा.

तिसरी गोष्ट हवा, आणि इथेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. घर थंडीसाठी घट्ट बंद, आत दाटी, त्यामुळे बाष्प भिंतीच्या थंड कोपऱ्यांत साचतं आणि बुरशी धरते. लहान मुलांचे छातीचे आजार आणि क्षयरोग या दाटीशी थेट जोडलेले आहेत. इनुइट प्रदेशातून २०३० पर्यंत क्षयरोग संपवण्याचं वचन केंद्र सरकारनं २०१८ मध्ये दिलंय, ते घरांना वगळून पाळता येणार नाही. उपाय म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. ते बंद का पडतं? फिल्टर तुंबतो, उणे ३० अंशांत आतल्या गाभ्यावर बर्फ धरतो, बाहेरची जाळी पिठासारख्या बर्फानं भरते, किंवा थंड झोत अंगावर येतो म्हणून घरचेच बटण बंद करतात. म्हणून बर्फ वितळवण्याची सोय असलेलंच यंत्र घ्या. ते उबदार यंत्रखोलीत, हात पोचेल अशा उंचीवर बसवा. हवा घेण्याचं तोंड चिमणीपासून दूर आणि बर्फ साचतो ती बाजू टाळून ठेवा, आत येणारा झोत झोपायच्या जागेवर सोडू नका. दर तीन महिन्यांनी फिल्टर साफ करा. भाडेकरूला ते सारं इनुक्टिटुट या इनुइटांच्या भाषेत, प्रत्यक्ष यंत्रासमोर उभं राहून दाखवा.

जहाजाच्या वेळेवर काम

अवजड सामान येतं ते उन्हाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, समुद्रमार्गे. समुद्र गोठला की पुढच्या वर्षापर्यंत खेप नाही. सरकारी वर्ष मात्र आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. वसंतात निधी मंजूर होतो, निविदा उन्हाळ्यात निघते, तोवर जहाजाची बुकिंग संपलेली असते आणि वर्ष फुकट जातं. त्यात मार्चअखेरीला निधी परत जाण्याची टांगती तलवार. सुधारणेतली सर्वांत मोलाची मागणी हीच: निधी किमान तीन ते पाच वर्षांचा आणि न खर्चलेला पुढे नेता येणारा. निविदा हिवाळ्याच्या सुरुवातीला काढा. माल बंदरावर पोचण्याआधी प्रत्येक पेटी यादीशी ताडून पाहा, कारण खिळ्यांची एक पेटी राहिली तर ती विमानानं आणावी लागते. घराचा सांगाडा आणि छप्पर थंडीआधी बंद करून आतली कामं हिवाळ्यात घ्या.

सुट्या भागांचंही तेच. गावातल्या सगळ्या घरांत शक्यतो एकाच मॉडेलचे बॉयलर आणि पंप ठेवा. मग बॉयलरचे नोझल, इंधनाचे फिल्टर, दारांच्या बिजागऱ्या यांचा वर्षभराचा साठा एका खेपेत मागवता येतो. सलग काम असलं तर नुनावुतमधल्याच रँकिन इनलेट गावच्या प्रशिक्षण केंद्रात शिकणाऱ्या तरुणांना उमेदवारीचे तासही गावातच पुरे करता येतात. एक वर्ष काम आणि दोन वर्षं रिकामी, असं झालं की कंत्राटदार दक्षिण कॅनडातून माणसं आणतो आणि काम संपलं की घेऊन जातो.

पाया आणि आराखडा

जमीन कायम गोठलेली असते, आणि घराची ऊब तिला वितळवते. म्हणून घर लोखंडी पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, किंवा जॅकनं उंची जुळवता येणाऱ्या चौकटीवर उचललेलं असतं, खालून वारा वाहत राहावा म्हणून. पाइल भोवतीच्या मातीत पुन्हा गोठून घट्ट होईपर्यंत त्यावर भार देऊ नका. घराखाली सामान रचू देऊ नका, गळती त्याच आठवड्यात थांबवा, वितळलेलं पाणी उताराने बाहेर काढा. उन्हाळ्याच्या शेवटी, वितळण सर्वांत खोल असताना, दरवर्षी पातळी मोजा. दारं अडकू लागली की पाया हलल्याची ती पहिली खूण समजा.

आराखडा ठरवताना गावातल्या शिकाऱ्यांना आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांना नकाशा पक्का होण्याआधी बसवा. त्यांना हवी असते थंड पडवी, सील हा समुद्री प्राणी किंवा कॅरिबू हे हरीण फोडायला मोकळी फरशी, रुंद सिंक आणि मोठा फ्रीझर. दक्षिणेतल्या शहरी घराची नक्कल केली की मांस बाथटबमध्ये फोडावं लागतं.

वाटप आणि भाडं

वाटप गुणांवर होतं. छोट्या गावात समितीतलं कुणी ना कुणी अर्जदाराचं नातेवाईक असणारच, म्हणून अशा सदस्यानं त्या अर्जापुरतं बाहेर बसावं आणि नावं वगळून गुणांची यादी दर तिमाहीला लावावी. दाटी मोजताना करारावरची नावं धरू नका, पाळीपाळीनं झोपणारी माणसंही मोजा. भाडं उत्पन्नावर ठरतं. पहिला पगार हाती येताच ते एकदम चढलं तर माणूस नोकरी नाकारतो. आकारणी आदल्या वर्षाच्या कराच्या हिशेबावर करा, वाढ टप्प्यांनी आणा आणि वरची मर्यादा करारातच लिहा.