संकटात प्रार्थना सुचेनाशी झाली तर: स्तोत्र १३ घेऊन बसण्याची रीत

घरात मोठं आजारपण आलं, नोकरी गेली किंवा जवळचं माणूस गेलं, की आधी बिघडते ती प्रार्थना. तोंडात स्तुती आणि मनात भलतंच, असं फार दिवस चाललं की माणूस प्रार्थनेला बसायचंच टाळतो. विश्वास बहुतेकदा असा सुटतो. देवाला जाब विचारल्यामुळे सुटत नाही. म्हणून तक्रार देवाकडेच करायची. ती कशी करायची, हे बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक शिकवतं.

सुरुवात स्तोत्र १३ ने करा. सहाच वचनं आहेत. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो मोबाईल हातात घेण्याआधी, पंधरा मिनिटं बसा. वही-पेन जवळ ठेवा. स्तोत्र मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं तर डोळे पुढे जातात आणि चिंता जागेवरच राहते.

वचनं १-२ ही तक्रार. स्तोत्रकर्ता दावीद राजा देवाला पुन्हा पुन्हा "कोठवर?" विचारतो. तुम्हीही तीन-चार वाक्यं तशीच लिहा, पण मोघम नको. "माझं दुःख कोठवर?" याऐवजी "आईच्या डायलिसिसच्या फेऱ्या कोठवर?", "थकलेल्या हप्त्यासाठी येणारे फोन कोठवर?" असं लिहा. वचनं ३-४ मध्ये मागणं आहे. इथे एकच गोष्ट मागा, तीही आजच्यापुरती. "पंधरा दिवसांत बरं कर, नाहीतर..." अशी मुदत घालू नका, मुदत उलटली की देवानं नाकारलं असं वाटू लागतं.

खरी अडचण वचनं ५-६ शी येते. तिथे भरवसा आहे, आणि पुष्कळ जण तक्रार गिळून थेट तिथेच उडी मारतात. मग तो भरवसा पोकळ वाटतो. मनातून येत नसेल तर पूर्वी देवानं सांभाळल्याचा एक प्रसंग सालासकट लिहा. तेही जमलं नाही तर चौथ्या वचनाशी थांबा आणि वही मिटा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. खुद्द येशूनं वधस्तंभावर स्तोत्र २२ चं पहिलं वचन उच्चारलं, आणि ते वचन म्हणजे देवाला विचारलेला प्रश्नच आहे: "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

एक स्तोत्र निदान आठवडाभर बदलू नका. पुढे रात्री झोप लागत नसेल तर ७७, अपराधाची टोचणी असेल तर १३०, मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, लांब पडला असाल तर ४२ घ्या.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका. बायबलमध्ये १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा त्याला आधी झोप, भाकर आणि पाणी मिळतं. देवाशी बोलणं नंतर. औषध थांबवणं म्हणजे विश्वास नव्हे. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

मंडळीतली दोन माणसं निवडा आणि स्पष्ट सांगा: "उपदेश नको, रोज रात्री नऊला माझं नाव घेऊन प्रार्थना करा." बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं; बोलायला लागले आणि बिघडलं. "काहीतरी पाप असेल" म्हणणारा भेटला तर ईयोब ४२:७ वाचा, तिथे देव त्या मित्रांवरच रागावला आहे.

केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम तरीही सोडलं नाही. १९२२ मध्ये त्या गेल्या. दुःखात हातचं ठरलेलं काम किती आधार देतं, हे त्यांच्याकडून घ्यावं.

रविवार चुकवू नका. गाता येत नसेल तर मागच्या बाकावर नुसते बसा, इतरांना गाऊ द्या. उपासना सुटल्यावर बोलणं नको असेल तर पाळकांना आदल्या दिवशीच तसा फोन करून ठेवा.